एम.एस्सी.साठी जळगावला राहायचे कुठे : वसतिगृह, खोली, मावशीचे घर की अप-डाऊन?

तापीकाठची

सर्वांना नमस्कार. मी शहादा तालुक्यातील एका गावची. बी.एस्सी. शहाद्यातच घरून जाऊन-येऊन पूर्ण केले. आता जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, म्हणजे आमच्याकडे सगळे ज्याला अजूनही 'उमवि' म्हणतात तेथे, रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. घरापासून जळगाव बसने चार तासांहून अधिक असल्यामुळे तेथेच राहावे लागणार हे ठरलेले आहे, परंतु कुठे राहायचे यावर गेले दहा दिवस घरात एकमत होत नाही. आमच्या घरातून शिकण्यासाठी बाहेर राहायला जाणारी मी पहिलीच मुलगी आहे, त्यामुळे विचारावे असे अनुभवी माणूसही घरात कोणी नाही.

विद्यापीठाच्या आवारातील मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज केला होता. पहिल्या यादीत नाव आले नाही, दुसरी यादी लागेल असे सांगितले आहे. माझ्या दोन मैत्रिणी खोटेनगर भागात कॉट बेसिसवर खोली घेत आहेत. एका कॉटचे महिन्याला २,००० रुपये आणि दोन वेळच्या डब्याचे २,६०० रुपये सांगितले असून दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिट म्हणून आगाऊ द्यायचे आहे. सख्खी मावशी पिंप्राळ्याला राहते, तिचे यजमान डाळ मिलमध्ये कामाला आहेत, घर दोन खोल्यांचे आहे आणि दोन लहान मावसभाऊ शाळेत जातात. मावशी मनापासून "ये" म्हणते आहे. चौथा मार्ग आत्याचा. ती अमळनेरला राहते, वरची खोली रिकामी आहे, आणि तेथून रेल्वेने किंवा एस.टी.ने अप-डाऊन करता येईल असे तिचे म्हणणे आहे.

वडिलांना वाटते की सख्खी मावशी गावात असताना मुलीला परक्याच्या घरात ठेवणे बरे दिसत नाही. आईचे मत वेगळे आहे, परंतु ती बहिणीचा विषय असल्यामुळे मोकळेपणाने बोलत नाही. कापसाचे पैसे हातात यायला अजून तीन-चार महिने आहेत, म्हणून खर्चाचाही विचार करावा लागतो. ज्यांनी यांपैकी काही अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. निर्णय आठवड्याभरात घ्यायचा आहे.

जुनी विद्यार्थिनी, रसायनशास्त्र

ताई, अभिनंदन. मी याच विभागातून एम.एस्सी. केले आहे. पहिले वर्ष शहरात खोली करून राहिले आणि दुसऱ्या वर्षी आवारातील वसतिगृहात, म्हणून दोन्हींविषयी लिहू शकते.

तुम्ही भाड्याचे आकडे दिले आहेत, परंतु तुमच्या प्रश्नात संध्याकाळ कुठेच आलेली नाही, आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने राहण्याची जागा संध्याकाळ पाहूनच ठरवावी असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. विद्यापीठ शहरात नाही. गिरणेचा पूल ओलांडून बांभोरीच्या पुढे, महामार्गालगत, शहरापासून आठ-दहा किलोमीटरवर ते आहे. सकाळी जाणे सोपे असते, कारण सगळे त्याच वेळी जात असतात. परतताना मात्र प्रॅक्टिकल किती वाजता संपेल हे आपल्या हातात राहत नाही. मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्यासाठी सिलिका भरलेली काचेची उभी नळी, म्हणजे कॉलम, लावला की तो मध्येच सोडून निघता येत नाही. सिलिका एकदा कोरडी पडून तिला भेग गेली की दिवसभराची मेहनत वाया जाते. त्यामुळे घड्याळात सहा वाजले तरी आपण बुरेटच्या स्टँडजवळ एकेका परीक्षानळीत थेंब धरत उभे असतो. चौथ्या सत्रातील प्रकल्पाच्या वेळी तर हे रोजचेच होते.

पहिल्या वर्षीची डिसेंबरमधील एक संध्याकाळ मला अजून आठवते. रेकॉर्ड बुक छातीशी धरून मी महामार्गाच्या कडेला थांब्यावर उभी होते. अंधार पडला होता, आणि लांब पल्ल्याच्या दोन एस.टी. हात करूनही न थांबता निघून गेल्या. ट्रकच्या वाऱ्याने ओढणी सावरता येत नव्हती. शेवटी विभागातील एका शिपाईमामांनी ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन केला आणि मी खोलीवर पोहोचेपर्यंत डबा गार झाला होता. त्या दिवशी काही वाईट घडले नाही, हे मुद्दाम सांगते. परंतु त्यानंतर मी साडेचारलाच सामान आवरू लागले, सरांना कारणे सांगू लागले, आणि त्या सत्राचे माझे प्रॅक्टिकलचे गुण तेवढ्याने खाली आले. ते नुकसान भाड्याच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.

वसतिगृहात आल्यावर हीच वेळ माझ्या हाताशी राहिली. प्रयोगशाळेतून पायी खोलीवर, जेवण, पुन्हा ग्रंथालय. वसतिगृहाचे जाचही आहेत. ठरलेल्या वेळेच्या आत परतावे लागते, मेसच्या भाजीला महिन्याभरात कंटाळा येतो, सुटीच्या दिवशी शहरात जायचे तर बसची वाट पाहावी लागते, आणि रूम पार्टनर कोण मिळेल हे नशिबावर असते. हे सगळे मान्य करूनही मी पुन्हा निवडायचे झाले तर पहिल्या दिवसापासून वसतिगृहच निवडेन. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून आशा सोडू नका. प्रवेश घेतलेले काही जण दुसऱ्या विद्यापीठात किंवा नोकरीकडे जातात आणि जागा रिकाम्या होतात. दर दोन दिवसांनी कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, फोनवर विसंबू नका, आणि रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रे, तुमचे व पालकांचे अशी दोन्ही, आधीच तयार ठेवा, म्हणजे नाव आल्याच्या दिवशी धावपळ होणार नाही.

एक पालक, चोपडा तालुका

बेटी, तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून एकेरीत लिहितो. वडिलांना जे वाटते ते चुकीचे नाही. आपल्या खान्देशात नातेवाईक असताना लेकरू परक्याकडे ठेवले तर लोक खरोखरच विचारतात, आणि मावशीलाही ते मनाला लागू शकते. मीसुद्धा माझ्या मुलीला शिकण्यासाठी जळगावला तिच्या मामाकडेच ठेवले होते. त्या दोन वर्षांत जे शिकलो ते लिहितो.

माझ्या मेव्हण्याने आणि त्याच्या घरच्यांनी मुलीला काही कमी पडू दिले नाही. चूक आमची झाली, आम्ही आधी काहीच बोललो नाही. 'आपलेच घर आहे' म्हणून पैशांचा विषय काढला नाही आणि त्यांनीही संकोचाने काढला नाही. वर्षभराने सणाला एकत्र बसलो तेव्हा वीजबिलावरून एक वाक्य निघाले आणि त्या वाक्यामागे वर्षभराचे साचलेले होते हे सगळ्यांनाच कळले.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या जागेची. विद्यापीठाची उन्हाळी परीक्षा ज्या दिवसांत येते, तेच दिवस आपल्याकडे वर्षाच्या वाळवणाचे. एप्रिलमध्ये घरोघरी उडदाचे पापड, शेवया, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्यांचे काम निघते. गल्लीतल्या चार-पाच बाया भल्या पहाटे एका घरी जमतात, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे, आणि दोन खोल्यांच्या घरात अशा वेळी पोळपाट मांडले की पाय ठेवायला जागा राहत नाही. कोणीही मुलीला 'लाटायला बस' म्हणाले नव्हते. पण मामी घामाघूम होऊन लाटते आहे आणि आपण आत पुस्तक घेऊन बसलो आहोत, हे संस्कारी मुलीला कसे जमावे? माझी मुलगी उठली आणि लाटायला बसली. असे आठ दिवस गेले. तिचा तो पेपर राहिला.

म्हणून तुला सांगतो, मावशीकडे राहायचे ठरले तर आईला पुढे कर, कारण दोघी बहिणी आहेत आणि हे बोलणे त्यांच्यातच झाले पाहिजे. दरमहा ठरावीक रक्कम द्यायची, ती मावशीने नको म्हटली तरी द्यायची. त्याशिवाय सुगीला ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे घरून पाठवायचे. आणि परीक्षेच्या महिन्यात तू दिवसभर विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसशील हे आधीच सांगून ठेवायचे, म्हणजे नंतर कोणी मनावर घेणार नाही. तरीही दोन खोल्या, दोन शाळकरी मुले आणि एम.एस्सी.चा अभ्यास हे सगळे एका छपराखाली बसेल का, याचा विचार कर. मावशीचे प्रेम टिकवायचे असेल तर शनिवार-रविवारी तिच्या घरी जेवायला जाणारी भाची होणे अधिक चांगले, असे मला आता वाटते.

धरणगाव अप-डाऊन

अमळनेरच्या पर्यायाविषयी थोडक्यात लिहितो. मी धरणगावहून दोन वर्षे अप-डाऊन केले, तेही वाणिज्य शाखेत, जेथे प्रॅक्टिकल नाही.

नकाशावर सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग पाहून अमळनेर-जळगाव सोपे वाटते. परंतु विद्यापीठ जळगाव स्थानकाच्या अलीकडे, पाळधीच्या बाजूला आहे. एक्स्प्रेसने आलात तर विद्यापीठ मागे टाकून जळगावात उतरायचे आणि तेवढेच अंतर उलट यायचे. पॅसेंजर पाळधीला थांबते, मात्र ती वेळेवर येईल यावर लेक्चरचे गणित बांधता येत नाही. एस.टी. धरणगावमार्गे विद्यापीठावरूनच जाते, त्यामुळे रेल्वेपेक्षा तीच बरी. विद्यार्थी पासात दोन तृतीयांश सवलत मिळते, त्यामुळे पैशाने हा मार्ग स्वस्त ठरेल. पण अमळनेरहून जाऊन-येऊन रोजचे साडेतीन-चार तास प्रवासात जातील आणि वरच्या ताईंनी सांगितलेला कॉलम सहाला संपला तर घरी पोहोचायला रात्र होईल. धरणगाव, एरंडोल, पाळधी येथपर्यंत अप-डाऊन जमते. अमळनेरहून एम.एस्सी. रसायनशास्त्रासाठी मी सुचवणार नाही.

यावलकर

वसतिगृहाचे काम होईपर्यंत खोली घ्यावी लागलीच तर ती कशी पाहावी, यावर लिहितो, कारण जळगावात मी सहा वर्षांत चार खोल्या बदलल्या आहेत.

पहिली खोली मी जुलैमध्ये पाहिली होती. पाऊस नुकताच पडून गेलेला, हवा गार, गच्चीवरची एकटी खोली, खिडकीतून दूरपर्यंत दिसायचे, भाडे कमी. मला ती फार आवडली. मार्च संपला तेव्हा कळले की भाडे कमी का होते. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो हे आपण सगळे जाणतो, परंतु वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून रात्री ती उष्णता खोलीत सोडतो, हे तेथे झोपल्याशिवाय कळत नाही. रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती तव्यासारखी लागायची. काळ्या टाकीतले पाणी संध्याकाळी अंगावर घेता येत नसे. सकाळीच दोन बादल्या भरून, त्यांवर ओले पोते टाकून संध्याकाळच्या अंघोळीसाठी ठेवायचो. नेमकी परीक्षा याच दिवसांत असते. त्यामुळे खोली पाहताना वर आणखी एक मजला आहे का, कूलर लावू देतात का, त्याच्या विजेसाठी सबमीटर आहे का आणि युनिटचा दर काय घेणार, हे विचारून घ्या. चौथ्या खोलीच्या मालकाने गच्चीला चुना मारून दिला होता, त्याने बराच फरक पडला.

पाण्याचेही तसेच. नळाला रोज पाणी येईल असे गृहीत धरू नका. माझ्या वेळी मध्ये एक-दोन दिवस सोडून यायचे. टाकी किती मोठी, तिच्यावर किती मुली अवलंबून, आणि बोअर आहे का, हे मालकाऐवजी तेथे आधीपासून राहणाऱ्या मुलींना विचारा. मालक 'पाण्याची काही अडचण नाही' एवढेच सांगतो.

आता डिपॉझिट. दुसऱ्या खोलीच्या मालकाने सोडताना माझे पूर्ण डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली ठेवून घेतले आणि माझ्याकडे कागद म्हणून काहीच नव्हते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. तसा करार नसेल तर वाद उद्भवल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत विरुद्ध सिद्ध होत नाही. हे मला तेव्हा माहीत असते तर मी एवढ्या लवकर हार मानली नसती. कॉट बेसिसवर सहसा असा करार कोणी करून देत नाही, हे खरे आहे. निदान पैसे ऑनलाइन द्या, त्यात 'डिपॉझिट' असे लिहा, आणि राहायला जाण्याच्या दिवशी भिंती, नळ, कॉट, पंखा यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. दोन महिन्यांऐवजी एका महिन्याचे डिपॉझिट घ्या म्हणून आग्रह धरा. वसतिगृहाची यादी लागायची आहे हे लपवू नका, उलट एक महिन्याच्या पूर्वसूचनेवर खोली सोडता येईल हे स्पष्ट ठरवून घ्या.

खर्चाविषयी आणखी एक. तुम्ही कोणत्या प्रवर्गातील आहात हे लिहिलेले नाही, तरीही सांगतो, कारण वाचणाऱ्या इतरांनाही उपयोग होईल. आदिवासी विभागाच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. यांत भोजन, निवास आणि निर्वाह भत्त्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते आणि ती शिक्षणाच्या ठिकाणानुसार ठरते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते आणि बाहेर भाड्याने राहत असल्याचा पुरावा लागतो, म्हणून खोलीचा कागद येथेही उपयोगी पडतो. मात्र हा पैसा उशिरा येतो. पहिल्या सत्राचे भाडे त्यातून भागेल असे धरून चालू नका, ते हातात असलेल्या पैशातूनच द्यावे लागते.

जुनी विद्यार्थिनी, रसायनशास्त्र

यावलकरांनी उन्हाळ्याचे लिहिले ते अगदी खरे आहे. ताईंसाठी एकच जोडते. खोटेनगर हे महामार्गावर, विद्यापीठाच्या बाजूचे शहराचे टोक आहे, म्हणून तुमच्या मैत्रिणींनी भाग बरोबर निवडला आहे. पिंप्राळाही फार दूर नाही, पण तेथून महामार्गापर्यंत येणे हा वेगळा टप्पा होतो. खोली कोणतीही असो, ती पाहायला दुपारी जाऊ नका. एखाद्या कामाच्या दिवशी विद्यापीठाच्या फाटकातून संध्याकाळी सहाला निघा आणि त्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचून पाहा. किती वेळ लागला, किती वेळा महामार्ग ओलांडावा लागला, शेवटच्या गल्लीत दिवे आहेत का, हे तुमच्या पायांनाच कळू द्या. वडिलांना सोबत न्या. माझ्या वडिलांनी ती वाट स्वतः चालून पाहिली, तेव्हाच ते वसतिगृहासाठी तयार झाले.

तापीकाठची

सर्वांचे मनापासून आभार. इतके सविस्तर कोणी लिहील असे वाटले नव्हते. परवा बुधवारी मी आणि वडील जळगावला जाऊन आलो. आधी वसतिगृह कार्यालयात गेलो, तेथे दुसरी यादी पुढच्या आठवड्यात लागेल असे कळले. प्रतिज्ञापत्रे दाखवली तेव्हा तेथील बाईंनी अर्जाला जोडूनच घेतली. नंतर विभाग पाहिला, आणि सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी सहाला फाटकाबाहेर उभे राहिलो. वडिलांनी घड्याळ लावले. पहिली बस भरलेली होती, दुसरी थांबली नाही, तिसरीत जागा मिळाली. खोटेनगरला उतरून महामार्ग ओलांडायलाच आम्हाला बराच वेळ लागला. वडिलांनी माझा हात धरला होता, आणि मी लहान असताना यात्रेत धरायचे तसा घट्ट धरला होता. मैत्रिणींच्या खोलीवर पोहोचलो तेव्हा फाटकातून निघून एक तास दहा मिनिटे झाली होती.

खोली तळमजल्यावर आहे, वर दोन मजले आहेत, कूलरला परवानगी आहे. मालकीणबाईंनी एका महिन्याच्या डिपॉझिटवर आणि महिन्याच्या पूर्वसूचनेवर होकार दिला, पाणी मात्र दिवसाआड असल्याचे मुलींकडून समजले. त्यामुळे सध्या मैत्रिणींसोबत राहायचे आणि वसतिगृहात नाव लागले की लगेच तेथे जायचे, असे ठरले आहे. घरी येताना बसमध्ये वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. दोंडाईचा मागे पडल्यावर एवढेच म्हणाले की वसतिगृहाच्या कार्यालयात दर दोन दिवसांनी तू नको, मीच फोन करत जाईन आणि गरज पडली तर येईन.

राहिली मावशी. चोपड्याच्या काकांचे लिहिलेले मी आईला दोनदा वाचून दाखवले. बिबड्यांचा भाग ऐकताना ती हसली आणि नंतर डोळे पुसले. रविवारी ती स्वतः पिंप्राळ्याला जाऊन मावशीशी बोलणार आहे. सोबत नेण्यासाठी पाच पायली ज्वारी आज निवडून ठेवली आहे.